ओमेगा वास्तव आहे का?

ही गोष्ट एकोणीसशे एकोणनव्वद सालची. संगणक तेव्हा घरात शिरला नव्हता. अख्ख्या कचेरीला मिळून एकच मोठा संगणक असे, त्याला स्वतःची थंडगार खोली असे, आणि माणसांच्या नशिबी नसलेला गारवा त्याच्या नशिबी असे. उन्हाळ्यात लोक काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत जात आणि बाहेर यायला वेळ लावत.

अशाच एका कंपनीत, विजेची उपकरणं बनवणाऱ्या, गणनकक्षात एक बाई कामाला होती. तिला सगळे वजाबाई म्हणत. कुणाच्याही आकडेमोडीत हरवलेलं वजाचं चिन्ह तिला लांबूनच दिसे. इंजिनिअर मंडळी कागद घेऊन येत, बाई एकवार नजर टाकी आणि म्हणे, "तिसऱ्या ओळीत वजा सांडलाय, उचलून घ्या." आधी नाव थट्टेने पडलं, मग चिकटलं. ती मूळची गणिताची. एकटी राहायची, पण रात्रीचं जेवण ताईकडे. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. आणि ताईचे यजमान, म्हणजे तिचे भाऊजी, त्याच गणनकक्षाचे प्रमुख. तिला नोकरीला त्यांनीच लावलं होतं. हे ते स्वतः कधी विसरले नाहीत आणि दुसऱ्या कुणाला विसरू दिलं नाही.

त्या सालाच्या सात-आठ वर्षं आधी वजाबाईने तिथे एक प्रोग्राम लिहिला. आकड्यांची गणितं करणारे प्रोग्राम तेव्हाही पुष्कळ होते. हिचा प्रोग्राम अक्षरांची करायचा. विजेच्या मंडलाची, म्हणजे सर्किटची, समीकरणं अक्षरांत द्यायची आणि उत्तरही सूत्रात मिळायचं. मग आकडे तुम्ही हवे ते घाला. त्यात सगळ्यात अवघड जागा होती ती ई या संख्येच्या डोक्यावर घात म्हणून बसलेल्या जे-ओमेगा-टीची. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी एवढंच धरून चालावं: विजेचा दाब वर-खाली झोके घेत असतो आणि झोक्याचं गणित फार किचकट. म्हणून इंजिनिअर एक युक्ती करतात. एक ठिपका वर्तुळावर गरगर फिरतोय आणि आपल्याला दिसतोय तो झोका म्हणजे त्याची भिंतीवरची सावली, असं मानतात. ठिपक्याचं गणित सोपं. ते उरकायचं आणि शेवटी सावली तेवढी घ्यायची. ओमेगा म्हणजे ठिपक्याचा वेग, टी म्हणजे वेळ. माणूस हे सगळं सवयीने करतो. यंत्राला सवय नसते. त्याच्या लेखी ओमेगा हे नुसतं अक्षर. ती साधीसुधी वास्तव संख्या असेल, तर ठिपका वर्तुळ सोडत नाही आणि त्याचं मध्यापासूनचं अंतर नेहमी एकच. पण ओमेगा संमिश्र असेल, म्हणजे तिला कल्पित भागाचं शेपूट असेल, तर वर्तुळ मोडतं. ठिपका भोवऱ्यासारखा आत आत जातो, किंवा बाहेर बाहेर. आत गेला तर झोका विझतो. बाहेर गेला तर काहीतरी जळतं.

म्हणून वजाबाईने यंत्राला विचारायला शिकवलं. एखादं अक्षर समोर आलं आणि त्याच्या स्वभावावर उत्तर अवलंबून असलं, की यंत्र थांबे आणि पडद्यावर प्रश्न उमटे: ओमेगा वास्तव आहे का? हो म्हटलं की एक वाट, नाही म्हटलं की दुसरी. कक्षात नव्या येणाऱ्या मुलींना ती सांगे, "अक्षराला आधी विचारावं, बाई तू कोण. गृहीत धरलं की घात झाला." वजा एकच्या वर्गमुळाला गणितवाले आय म्हणतात, त्यालाच इंजिनिअर जे म्हणतात, कारण त्यांचा आय विजेच्या प्रवाहाने आधीच अडवलेला. त्यावरून आठवडाभर भांडण झालं. शेवटी हिने दोन्ही अक्षरं यंत्राला ओळखायला लावली आणि दोन सवती एका घरात नांदवल्याचं श्रेय मिळवलं.

हे सगळं काम कचेरीत थोडं आणि ताईच्या जेवणाच्या टेबलावर जास्त झालं. ते लांबट लाकडी टेबल होतं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं. एका टोकाला वजाबाईचे कागद, दुसऱ्या टोकाला ताईची भाजी निवडणं, मधे भाचीचा अभ्यास. भाची तेव्हा शाळेत होती. मावशीच्या रद्दीच्या पाठीवर ती आपली गणितं सोडवायची. भाऊजी येता-जाता थांबत, चष्मा कपाळावर चढवून विचारत, हे काय, ते काय. वजाबाई समजावून सांगे. तिला बरं वाटे. घरातलं माणूस रस घेतंय, आणखी काय हवं.

प्रोग्राम तयार झाला. कंपनीने त्याचं माहितीपुस्तक छापलं. जाड कव्हर, निळी अक्षरं. कव्हरवर एकच नाव होतं, भाऊजींचं. वजाबाईने ते व्हरांड्यात उभ्याउभ्याच उघडलं. आपलं नाव आतल्या पानावर तरी असेल म्हणून शोधलं. सापडलं. पहिल्याच पानाच्या तळाशी, बारीक टायपात, टंकलेखनाबद्दल आभार मानलेले होते. तिचे.

त्या रात्री जेवताना तिने विषय काढला. भाऊजी हसले. म्हणाले, तुझं काय नि माझं काय, एकाच घरातली नावं. तिने मान हलवली नाही, तेव्हा घास गिळून ते म्हणाले, "आणि खोटं काय आहे त्यात? टाइप तर सगळं तूच केलंस."

ताई वाढत होती. तिच्या हातातला डाव क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, "जेवताना नको." बस्स, एवढंच. पुढची काही वर्षं त्या टेबलावर तो विषय निघाला नाही. भाऊजींनी मात्र बाहेर तो चांगलाच चालवला. कुठेही चार माणसं जमली की, आमच्या मेहुणीबाईंच्या दहा बोटांचे फार उपकार आहेत हो आमच्यावर, असं म्हणून टाळी मागत. लोक देत. वजाबाई तिथेच असली तर लोक तिच्याकडे बघून हसत, आणि तीही हसे, कारण न हसणारी बाई कजाग ठरते. लवकरच तिला गणनकक्षातून हलवलं. कोपऱ्यातल्या एका खोलीत टेबल, खुर्ची आणि फोन. प्रोग्राम वापरणाऱ्या गिऱ्हाइकांच्या अडचणी ऐकून घ्यायच्या. तुझा आवाज गोड आहे, असं कारण भाऊजींनी दिलं.

ती रडली नाही, भांडली नाही, राजीनामा दिला नाही. तिने डूख धरला. तिला माफी नको होती; माफी मागायला जिभेला कष्ट पडत नाहीत. तिला एकच हवं होतं. हा प्रोग्राम कुणी लिहिला, ते भाऊजींनी स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, मोठ्याने सांगावं. फोन कानाला लावून ती लोकांच्या अडचणी सोडवी आणि मनात ते वाक्य त्यांच्या तोंडी घालून बघे. कधी सभागृहात, कधी लग्नाच्या मांडवात. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा कसा पडेल तेही ती नीट बघून घेई. काही लोक झोपण्यापूर्वी जप करतात. तिचा हा जप होता.

तर त्या एकोणनव्वद साली भाऊजींनी प्रोग्रामची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. गिऱ्हाइकांची कुरकुर होती की यंत्र फार प्रश्न विचारतं. भाऊजींनी बैठकीत विचारलं, हे यंत्र आहे की सासू, जाता-येता चौकशी करतंय. सगळे हसले. मग त्यांनी वर एक ओळ घालायला लावली: सगळी अक्षरं वास्तव धरा. झालं. प्रश्न बंद. आधी अर्धं पान भरणारी उत्तरं आता एका ओळीत येऊ लागली, सुटसुटीत, गोंडस. ज्यांचे झोके साधे, त्यांची उत्तरं बरोबरही होती. आणि बहुतेकांचे झोके साधेच असतात.

वजाबाईच्या कानावर हे आलं तशी ती भाऊजींच्या खोलीत गेली. एकदाच. दाराशीच उभी राहून म्हणाली की प्रश्न काढलेत, पण ओमेगाला शेपूट असलं तर काय होईल. भाऊजी सहीसाठी वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "तू फोन सांभाळ."

"बरं," वजाबाई म्हणाली.

तिच्या ओळखीच्या कुणी तो शब्द ऐकला असता तर तो सावध झाला असता. पण भाऊजींनी तिला कधी नीट ऐकलंच नव्हतं.

मग एक दिवस फोन आला. लाउडस्पीकरांच्या कारखान्यातला एक इंजिनिअर होता. आवाज असा घोगरा, की लाकडावर कानस चालवावी. त्याने एक ॲम्प्लिफायर बनवला होता. त्यातला थोडा आवाज बाहेरून फिरून पुन्हा आत यायचा. त्याने ते मंडल नव्या आवृत्तीत घालून बघितलं होतं. यंत्राने सांगितलं, झोक्याचं आकारमान एक. एक म्हणजे ना वाढणार ना घटणार, सगळं आलबेल. त्याने विश्वासाने बटण दाबलं. लाउडस्पीकर आधी कण्हला, मग किंचाळला, मग त्यातून धूर आला. "बाई," तो म्हणाला, "तुमचं यंत्र म्हणतं एक, आणि माझ्या टेबलावर राख पडलीय. मी कुणाचं खरं मानू?"

वजाबाईने त्याच्याकडून मंडल उतरवून घेतलं आणि हाताने सोडवलं. ओमेगा आला पाच वजा दोन जे. शेपूट होतं, आणि तेही वाईट बाजूचं. ठिपका बाहेर बाहेर पळत होता. पण यंत्राने आकारमान आधीच एक धरून टाकलं होतं. नंतर ओमेगाची खरी किंमत घालायला गेलं तर ती ठेवायला सूत्रात जागाच उरली नव्हती. तिने त्याला नीट समजावलं, ॲम्प्लिफायर कसा दुरुस्त करायचा तेही सांगितलं. आणखी कुणाचं काही जळू नये म्हणून, ज्या गिऱ्हाइकांची मंडलं अशा जातीची होती त्यांना स्वतःहून फोन करून, थोडे दिवस जुनीच आवृत्ती वापरा म्हणून सांगितलं. कामात खोट नको. डूख वेगळा, काम वेगळं.

पण वरती तिने कुणाला अक्षर कळवलं नाही. कारण नव्या आवृत्तीचा जाहीर कार्यक्रम ठरला होता. कंपनीचे मोठे साहेब येणार होते, बाहेरचे खरेदीदार येणार होते, आणि भाऊजींना संचालक करण्याची घोषणा त्याच दिवशी होणार अशी कुजबुज होती. वजाबाईने घोगऱ्या इंजिनिअरला विचारलं, तुम्ही या कार्यक्रमाला याल का. आणि प्रेक्षकांना प्रश्न विचारायला सांगतील तेव्हा तुमचं मंडल विचाराल का.

त्याने तारीख लिहून घेतली. मग म्हणाला, "बाई, तुमचा कुणावर तरी राग दिसतोय."

"तुमचा लाउडस्पीकर जळला ना?"

"जळला तर."

"माझंही तसंच काहीसं समजा."

तो येतो म्हणाला.

तिने सगळा देखावा मनात मांडून ठेवला. भाऊजी की-बोर्डपाशी बसतील. घोगरा उठेल. पडद्यावर एक उमटेल. भाऊजींना घाम फुटेल. त्यांना दुरुस्ती येणार नाही, कारण ती कुठे करायची तेच त्यांना ठाऊक नाही. मग मागे वळून ते तिला शोधतील. तेव्हा ती म्हणेल, मी फक्त टायपिंग करते. हे वाक्य तिने इतकं घोटलं होतं की आरशासमोर म्हणताना तिला स्वतःलाच गुदगुल्या होत.

आणि इथेच वजाबाईचं चुकलं. प्रत्येक अक्षराला तू कोण विचारणाऱ्या बाईने भाऊजी की-बोर्डपाशी बसतील हे गृहीत धरलं. ते कशाला बसतात? टायपिंग त्यांच्या लेखी बायकांचं काम. कार्यक्रमाच्या सकाळी ती सभागृहात आली तेव्हा व्यासपीठावर, दोन मोठ्या पडद्यांच्या मधे, की-बोर्डपाशी भाची बसली होती. नुकतीच इंजिनिअर होऊन कंपनीत लागलेली, इस्त्रीच्या कडक कपड्यांतली, घाबरून तळवे गुडघ्यांवर पुसणारी. मावशीला बघून तिने लांबूनच हात केला. पहिल्या रांगेत ताई बसली होती, नवऱ्याचा मान आणि लेकीचं पहिलं काम एकाच दिवशी बघायला.

वेळ होता. चहा चालू होता. घोगरा दाराशीच उभा होता, बशीत चहा ओतून पीत. चार पावलं जाऊन, आज नको, एवढंच म्हणायचं होतं. वजाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग भाचीकडे. तेवढ्यात भाऊजी मोठ्या साहेबांना घेऊन आत आले आणि तिच्याजवळून जाताना म्हणाले, या आमच्या मेहुणीबाई, यांच्या दहा बोटांचे... मोठे साहेब हसले. तेही हसले.

वजाबाईने चहाचा कप उचलला आणि मागच्या रांगेत जाऊन बसली.

कार्यक्रम छान रंगला. भाचीची बोटं सुरुवातीला अडखळली, मग धावू लागली. भाऊजी छडीने पडद्यावरची उत्तरं दाखवत होते. बघा, कुठे प्रश्न नाही, शंका नाही, एका ओळीत उत्तर. खरेदीदार माना डोलवत होते. मग कुणाला काही विचारायचं आहे का, असं म्हणताच घोगरा उठला आणि आपलं मंडल सांगू लागला. भाची ते जसंच्या तसं टाइप करत गेली. झोक्याचं आकारमान काय, त्याने विचारलं. पडद्यावर आलं, एक. ओमेगा पाच वजा दोन जे घाला, तो म्हणाला. भाचीने घातला. पुन्हा एक.

"साहेब," घोगरा म्हणाला, "हा एक म्हणतोय आणि माझा लाउडस्पीकर जळून खाक झाला. तुकडे आणलेत, बघायचे असतील तर." आणि त्याने खरंच पिशवीतून स्पीकरचा काळा पडलेला कागदी शंकू वर काढला. मागच्या रांगांत खसखस पिकली.

भाऊजी हसत म्हणाले की टायपिंगची चूक झाली असेल. भाचीला ते पुन्हा करायला सांगितलं. तिने केलं. एक. "नवीन मुलगी आहे," भाऊजी खरेदीदारांना म्हणाले, "नवशिक्यांना बसवलं की असं होतं." माझी मुलगी असं ते म्हणाले नाहीत. सकाळपासून मात्र जो भेटेल त्याला तेच सांगत होते.

भाचीचे कान लाल झाले. ती खाली बघत हळू, पण ऐकू जाईल इतपत म्हणाली, "बाबा, मी बरोबर टाइप केलंय."

"उठ," ते म्हणाले.

मोठे साहेब म्हणाले, तुम्हीच करून दाखवा मग. भाऊजी बसले. दोन बोटांनी, एकेक अक्षर हुडकत. सगळं सभागृह त्या दोन बोटांकडे बघत होतं. ती दोन बोटं बघताना वजाबाईला जे सुख झालं त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांनी कधी कुणाचा डूख धरला असेल त्यांना ते कळेल, इतरांना न कळलेलंच बरं. बऱ्याच वेळाने पडद्यावर उत्तर आलं. एक.

आता ते मागे वळून मला शोधणार, असं तिला वाटलं. पण भाऊजी त्या मातीचे नव्हते. ते उभे राहिले, रुमालाने मान पुसली आणि मोठ्या साहेबांना म्हणाले, "साहेब, खरं सांगायचं तर हा घातांकांचा भाग माझा नाहीच. हा सगळा माझ्या मेहुणीने लिहिलाय. चूक असली तर तिची."

मोठ्या साहेबांची मान मागच्या रांगांकडे वळली.

इतकी वर्षं ज्या वाक्याचा जप केला ते असं आलं होतं. चारचौघांत, मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने. तिच्या डोक्यावर खापर फोडायला का होईना. वजाबाई उभी राहिली. घोटून ठेवलेलं वाक्य आता लागू नव्हतं. ते तिने गिळलं आणि त्याहून बरं वाक्य तिला जागच्या जागी सुचलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मागे ऐकू आलं नाही. कुणी लिहिलाय म्हणालात?"

ते रुमालाची घडी घालू लागले. मोठे साहेबच म्हणाले, सांगा की, त्या विचारतायत.

"तू," भाऊजी म्हणाले. "तू लिहिलास."

"आभारी आहे." ती पुढे आली, व्यासपीठावर चढली. भाचीच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. तो खांदा तिच्या हाताखाली ताठ होता, हे तिच्या लक्षात आलं. पण आता थांबणं नव्हतं. वरची ओळ पुसायला तिने सांगितलं आणि जुने प्रश्न परत बोलावले. मग मंडल पुन्हा चालवलं. पडद्यावर उमटलं: ओमेगा वास्तव आहे का?

"भाऊजी, यंत्र विचारतंय," वजाबाई म्हणाली. "तुम्हीच उत्तर द्या. प्रश्न तुम्हीच काढून टाकले होतेत."

भाऊजींनी मोठ्या साहेबांकडे बघितलं. तिथून काही मदत येईना. घोगऱ्या इंजिनिअरने जळका शंकू अजून हातात धरला होता.

"नाही," ते म्हणाले.

"पोरी, लिही, नाही."

टी वास्तव आहे का? वजाबाई पुन्हा त्यांच्याकडे वळली. हो, ते म्हणाले. वर्गात बाकावर उभं केलेल्या मुलासारखा त्यांचा आवाज आला होता. असे चार-पाच प्रश्न यंत्राने विचारले. एकही तिने त्यांच्यावाचून सोडवला नाही. आर धन आहे का, भाऊजी? सी धन आहे का, भाऊजी? शेवटी ओमेगाच्या जागी पाच वजा दोन जे घातलं आणि उत्तर उमटलं. ई-चा दोन-टी घात. झोका वाढत वाढत जाणार. जळणार. घोगऱ्याने शंकू खाली ठेवला आणि पहिली टाळी वाजवली.

बाहेर पायऱ्यांवर ताई तिची वाट बघत उभी होती. वजाबाईला वाटलं ती नवऱ्याबद्दल बोलेल. ती तयारीतच होती. जेवताना नको म्हणणाऱ्या ताईलाही तिला चार शब्द सुनवायचे होते. पण ताईने नवऱ्याचं नावही काढलं नाही.

"ती तिथे बसणार हे तुला ठाऊक होतं?"

"सकाळी कळलं."

"म्हणजे सुरू व्हायच्या आधी."

"आधी."

"आणि तरी?"

वजाबाईने पदर सारखा केला. "आणि तरी," ती म्हणाली. "तू नाही का ताई, डाव हातात धरून उभी राहिलीस. आणि तरी."

ताई पायऱ्या उतरून गेली. त्या दिवसापासून त्या लांबट टेबलावर वजाबाईचं पान मांडलं गेलं नाही.

पुढचं थोडक्यात. खरेदीदारांनी प्रोग्राम घेतला, पण प्रश्न विचारणारा. जे यंत्र विचारतं त्याच्यावर आपला भरवसा, असं त्यांचा म्होरक्या म्हणाला. मोठ्या साहेबांना सौदा झाल्याशी मतलब. तो झाल्यावर त्यांची कुणाबद्दल काही तक्रार राहिली नाही. यथावकाश ते निवृत्त झाले आणि गुलाबाची झाडं लावू लागले असं म्हणतात. घोगऱ्या इंजिनिअरचा ॲम्प्लिफायर चांगला चालला. काही तक्रार नसतानाही तो वर्षातून एकदा फोन करी आणि विचारी, काय बाई, राग विझला की नाही? ती म्हणे, शेपूट बारीक झालंय. तो गेला तेव्हा त्याच्या मुलाने फोन केला. आवाज हुबेहूब बापाचा, त्यामुळे तिला क्षणभर काही कळेना.

भाऊजींची नोकरी गेली नाही. अशा माणसांची जात नाही. ते संचालक झाले नाहीत, एवढंच. त्यांना कोठाराकडे पाठवलं. तिथे ते निवृत्त होईपर्यंत तारांची भेंडोळी मोजत राहिले. माहितीपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्या कव्हरवर वजाबाईचं नाव होतं, एकटीचं. आणि पहिल्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात, टंकलेखनाबद्दल भाऊजींचे आभार मानलेले होते. छापखान्याच्या माणसाने दबकत विचारलं होतं, बाई, हे असू द्यायचं ना? ती म्हणाली, खोटं काय आहे त्यात, भर सभेत दोन बोटांनी टाइप केलंय त्यांनी. त्याची एक प्रत तिने स्वतः कोठारात नेऊन त्यांच्या हातात दिली, आणि ते पहिलं पान उलटेपर्यंत समोरून हलली नाही.

भाऊजी वारले तेव्हा ती ताईला भेटायला गेली होती. ताईने तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. त्यानंतर दोघी हळूहळू बोलू लागल्या. तब्येतीबद्दल, दातांबद्दल, वाढलेल्या महागाईबद्दल. टेबलाचा विषय दोघींनीही काढला नाही. ताई आता नाही.

भाचीने त्याच साली कंपनी सोडली. दुसरीकडे जाऊन तिने स्वतःचा प्रोग्राम लिहिला. मावशीच्यापेक्षा चांगला, असं जाणते म्हणतात, आणि मावशीही म्हणते. मोठी झाली, नाव झालं, केस पिकले. मावशीकडे मात्र कित्येक वर्षं तिने पाऊल टाकलं नाही. ताईचं घर आवरताना ते लांबट टेबल कुठे ठेवायचं असा प्रश्न पडला, तेव्हा एका दुपारी ती टेम्पोत टेबल घालून मावशीच्या दारात आली. पायाखालची पुठ्ठ्याची घडीसुद्धा आणली होती.

टेबल खिडकीशी लागलं. दोघी त्याच्या दोन टोकांना बसल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग भाची म्हणाली, "मावशी, मला तेव्हा सगळं ठाऊक होतं. मी त्याच टेबलावर अभ्यास करायचे ना. तू लिहिताना मी रोज बघितलंय." तिने टेबलावरून हात फिरवला. "तू आदल्या दिवशी मला नुसतं सांगितलं असतंस, तर मी स्वतः बाबांना त्या खुर्चीत बसवलं असतं. आणि मजेत बाजूला उभी राहिले असते."

वजाबाई तिच्याकडे बघत राहिली. भाऊजींच्या बाबतीत तिला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं, आताही वाटत नव्हतं. ती दोन बोटं आठवली की अजून तिला छान झोप लागते.

"तुला विचारायचं राहिलं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.